पाटीवरची मनकर्णा

मनकर्णाबाईचा कुणावर विश्वास नव्हता आणि ती गोष्ट तिनं कधी लपवलीही नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ही बाई पाणीसुद्धा फुंकून प्यायची. तेलंगणा सरकारनं बायांना बस फुकट केली, तेव्हा साऱ्या तामसी मंडळातल्या बाया आदिलाबादच्या बसमध्ये हसतखेळत चढल्या. मनकर्णाबाईनं मात्र कंडक्टरनं दिलेलं शून्याचं तिकीट आधी उजेडात धरून पाहिलं, मग उलटं केलं, मग विचारलं, "अन् उतरताना पैसे मांगसान त?" कंडक्टर तेलुगू होता, पण तिचा चेहरा वाचायला त्याला मराठीची गरज पडली नाही.

हा स्वभाव काही ती पोटातून घेऊन आली नव्हती. नवरा ऐन जवानीत गेला, पोटी मूल नाही. तेराव्याला एक आतेभाऊ गळ्यात पडून रडला आणि "पेरणीपुरती नेतो" म्हणून बैलजोडी घेऊन गेला. ती जोडी परत आली नाही, भाऊही आला नाही. त्या दिवसापासून तिच्या हिशेबी गोड बोलणारा माणूस म्हणजे दाव्यावर डोळा ठेवून आलेला माणूस. तिच्या या स्वभावाला गाव हसायचं. मला विचाराल तर हसणाऱ्यांची बैलं शाबूत होती, म्हणून त्यांना हसू यायचं.

घरात धाकटा दीर उत्तमराव, त्याची बायको सुवर्णा, मुलगा लखन आणि मुलगी प्रगती. उत्तमराव वावरात वांगी, भेंडी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचा. ते विकायचं काम मनकर्णाबाईचं. रोज पहाटेची पहिली बस, सांभाराच्या ओल्या जुड्यांचं गाठोडं मांडीवर, आणि आदिलाबादला बसस्टँडच्या रस्त्यावर एका बंद गोदामाची दगडी पायरी. त्या पायरीवर पोतं अंथरून ती बसायची. "अम्मा, एंता?" म्हणून गिऱ्हाईक भाव विचारायचं, ती तेलुगूत भाव सांगायची, हिंदीत भांडायची आणि मराठीत शिव्या द्यायची. वर्षानुवर्षं त्या पायरीनं घर पोसलं. लखनचं आयटीआय झालं, प्रगती बासरला कॉलेजात गेली, ते सगळं त्या पायरीवरून.

गोदामाचा मालक म्हातारा व्यापारी होता. या उन्हाळ्यात तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मनकर्णाबाई, ये गोदाम अब दुकान के लिए दे रहा हूँ. दूसरे को नहीं दूँगा. तुम चलाओगी तो चाबी लो." त्यानं चावी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती आधी कुलपात घालून फिरवून पाहिली, मग कमरेच्या पिशवीत टाकली. संध्याकाळी घरी तिनं ही बातमी सांगितली, तेव्हा उत्तमरावाला काय करू नि काय नको असं झालं. रस्त्यावरची भाजी आता दुकानात जाणार. रॅक, काट्याचं मशीन, वरून थंड पाण्याचे फवारे! लखननं तर जेवता जेवता अख्खं दुकान ताटाशेजारी बोटानं आखून दाखवलं.

आता दुकान म्हटलं की नाव आलं. आपल्याकडे हल्ली एक रीत पडली आहे. देवाचं नाव जुनं झालं, आडनाव साधं वाटतं, म्हणून घरच्यांच्या नावांची पहिली अक्षरं इंग्रजीत घ्यायची आणि त्यांची खिचडी करून पाटीवर टाकायची. आदिलाबादच्या बाजारात फिरलात तर अशी कितीतरी नावं दिसतील, ज्यांचा अर्थ दुकानदाराच्या सासूलाच ठाऊक. उत्तमरावालाही तीच हौस. "ज्यायची चूल एक, त्यायची अक्षरं एका पाटीवर," तो म्हणाला. पण प्रगती शिकलेली पोरगी. ती म्हणाली, "बिनअर्थाचं नाव नको बाबा. आपल्या अक्षरांतून खरा इंग्रजी शब्द झाला पाह्यजे. कॉलनीतले लोक यीन मंग."

सुट्टीत ती घरी आली होती. दिवेलागणीला अंगणातल्या बाजेवर बसून तिनं मोबाईल काढला. त्यात म्हणे अशी सोय असते की अक्षरं टाकायची आणि ती अक्षरं ज्या ज्या शब्दांत असतील ते सगळे शब्द समोर येतात.

"माझं पी, लखनचं एल, बाबाचं यू, मम्मीचं एस," ती बोटं मोडत म्हणाली. "अवं, मोबाईल बी नाई लागला! प्लस! दुकानाचं नाव प्लस!"

लखननं टाळी वाजवली. सुवर्णा हसली. उत्तमराव म्हणाला, "वा! सोपं हाय. कोणालेबी वाचता यीन."

मनकर्णाबाई शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला.

"अन् माझं?"

प्रगतीनं जीभ चावली. "तुझं एम राह्यलं, मोठी माय."

"राह्यलं का ठेवलं?"

मग लखनला वाटलं आपण समजावून सांगावं. बिचारा चांगल्या मनानंच बोलला. "मोठी माय, प्लस म्हंजे अधिक. बेरजेचं चिन्ह असते ना, ते."

"समजलं मले," मनकर्णाबाई म्हणाली. "मले वजा केलं का तुमची बेरीज होते."

शेंगांची टोपली उचलून ती आत गेली. आत जाऊन ती काही रडली बिडली नाही. चुलीपुढे बसून तिनं विचार केला, आणि तिच्या विचाराची गाडी नेहमीच्या चाकोरीत गेली. वर्षभर बासरला राहिलेली पोरगी, तिला घरातली मोठी बाई आठवू नये? की आठवली म्हणूनच गाळली? पाटीवर ज्याचं अक्षर नाही, त्याचं दुकानात काय उरतं? उद्या कुणी विचारलं, ही बाई कोण, तर पाटीकडे बोट दाखवून म्हणतील, इथं तर नाही बा कोणी. तिला ती बैलजोडी आठवली. तेव्हाही कुणी वाईट बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं फर्मान काढलं. माझं अक्षर पाटीवर येईल तेव्हा चावी कमरेतून निघेल. उत्तमराव म्हणाला, "वहिनी, काऊन एवढं धरून बसून राह्यल्या? एक अक्षर त हाय." ती म्हणाली, "एकच हाय म्हणून त धरून राह्यली."

मग प्रगतीनं पाचही अक्षरं मोबाईलमध्ये टाकली आणि खरा तमाशा सुरू झाला. पहिला शब्द निघाला स्लंप.

"म्हंजे काय?"

प्रगती अडखळली. "म्हंजे... धंदा बसतो ना. मंदी."

लखन फिस्सकन हसला. दुसरा निघाला लंप्स. त्याचा अर्थ गाठी, ढेकळं. उत्तमरावानं कानावर हात ठेवले. "बाप्पा, ते लंपीचं नाव नको घरात. कितीक जनावरं गेली त्या रोगात."

मनकर्णाबाई पोरीच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. "मी नसली त बेरीज," ती सावकाश म्हणाली, "अन् मी आली का मंदी न् रोगराई. यंत्र लयच हुशार हाय तुझं. कोण शिकवलं त्याले?"

"मोठी माय, मी कायले शिकवू? शब्दच तसे हायेत!"

"दुसरे काढ."

आणखी अक्षरं मिसळून चालतील म्हटल्यावर शब्दांची रांग लागली. इम्पल्स निघाला, म्हणजे मनात आलं की करून मोकळं होणं. असल्या वागणुकीवर मनकर्णाबाईचा मुळीच विश्वास नव्हता. मग निघाला कंपल्सरी. हा शब्द तिला पक्का ठाऊक होता, कारण बसमधला कंडक्टर रोज ओरडायचा, आधार कंपल्सरी, आधार कंपल्सरी. लखन म्हणाला, "ठेवा हेच. कंपल्सरी भाजी सेंटर. घ्यावीच लागते!" सुवर्णाला हसू आवरेना. मनकर्णाबाईला मात्र वाटलं, हे आपल्यालाच हसून राह्यले. तिनं त्या दिवशी सुवर्णाच्या हातचा चहा घेतला नाही.

शेवटी पाच अक्षरांची यादी पुन्हा पहिल्यापासून चाळताना प्रगती ओरडली, "प्लम्स! पाचही अक्षरं, एक जास्त नाई, एक कमी नाई. फळ हाय ते, मोठी माय. आलुबुखार."

फळ. शुभ, गोड, भाजीच्या दुकानाला साजेसं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. आणि नेमकं सगळे इतक्या लवकर खूश झाले, यातच मनकर्णाबाईला काहीतरी काळंबेरं दिसलं. हे फळ तिनं कधी विकलं नव्हतं, वावरात पाहिलं नव्हतं. खरंच फळ आहे की आणखी एखादा रोग?

तिनं प्रगतीकडून शब्द कागदाच्या तुकड्यावर लिहून घेतला आणि सकाळी पायरीसमोरच्या औषधाच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "फल का नाम है, अम्मा." एवढ्यानं तिचं समाधान होईल तर ती मनकर्णा कसली. तिनं फळांच्या गाड्यांवर विचारत विचारत एका गाडीवर आलुबुखार शोधून काढला. काळपट लाल, छोटासा. गाडीवाल्यानं चाखायला एक दिला. तिनं तो हुंगला, पुसला, दातानं जरासं साल तोडलं. साल आंबट लागलं. आत मात्र गोड होता. "वरून आंबट, आत गोड," गाडीवाला हिंदीत म्हणाला. तिनं त्याच्याकडेही संशयानं पाहिलं, हा आपल्याबद्दल तर बोलत नाही?

फळ खरं निघालं. आता राहिलं अक्षर. प्रगतीनं अंगणातल्या मातीत काडीनं एम काढून दाखवला, दोन बाजूंना दोन खांब आणि मध्ये बांधलेली झोळी. मनकर्णाबाईनं तो मनात पक्का केला. तरी बसमध्ये कंडक्टरला विचारलं, औषधवाल्याला विचारलं, शाळेत शिकवणारी एक बाई तिची जुनी गिऱ्हाईक होती, तिलाही मेथीबरोबर विचारलं. सगळे म्हणाले, हो, हाच एम. आता हे सगळे एकमेकांना भेटून तर आले नसतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं, पण कंडक्टर आणि मास्तरीणबाईंची सांगड तिला जमवता आली नाही.

घरी आल्यावर तिनं एकच हरकत घेतली. "मी घरात मोठी, मंग माझं अक्षर शेवटून दुसरं काऊन? पंगतीत मले असं कोनात बसवसान?"

त्यावर मात्र प्रगतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझं अक्षर यावं म्हणून मी दोन दिवस मोबाईल सोडला नाई, मोठी माय. मले प्लस मंजूर असतं त मी कायले शोधत बसली असती? तू माझ्यावर बी शक घेतं?"

ही पोर तिच्याच कुशीत झोपून मोठी झालेली. मनकर्णाबाईला स्वतःची खरोखर लाज वाटली. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नको माय. शेवटून दुसरीच बरी हाय मी. मधात असली का पडत नाई माणूस."

पाटी छापायच्या दिवशी ती फ्लेक्सच्या दुकानात स्वतः जाऊन बसली. वर तेलुगू, खाली इंग्रजी, बाजूला तीन आलुबुखार असं चित्र. कॉम्प्युटरवरचा पोरगा तेलुगूत म्हणाला की अम्मा, जेवून या, वेळ लागेल. ती हलली नाही. आयत्या वेळी अक्षर बदललं तर? मशीनमधून फ्लेक्स सरकत सरकत बाहेर आला, पी आला, एल आला, यू आला, आणि मग दोन खांब, मध्ये झोळी. तिनं नकळत हात पुढे केला. पोरगा ओरडला, शाई ओली आहे! आयुष्यात तिचं नाव आधार, रेशनकार्ड नि मतदारयादी सोडून कुठंच लिहिलं गेलं नव्हतं. आता ते बसस्टँडच्या रस्त्यावर, हातभर उंचीचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार होतं.

या सगळ्या गडबडीत दुकानापुढं काय चाललं आहे याकडे तिनं फारसं पाहिलं नाही. एका दिवशी ती आली तर दगडी पायरी फोडलेली. गिऱ्हाइकांच्या गाड्या चढाव्यात म्हणून तिथं उतरती फरशी बसवत होते. मिस्त्री हातोडा मारत होता आणि लखन बाजूला उभा होता. मनकर्णाबाईनं पायरीच्या तुकड्यांवर पाय ठेवून वर पाहिलं आणि विचारलं, "पाटीचे खिळे पक्के हायेत ना?" लखन म्हणाला, "पक्के हायेत." दुकान उघडेपर्यंत ती पलीकडच्या झाडाखाली बसून भाजी विकत होती. आयुष्यभर संशय घेणारी बाई, पण संशयालाही डोळे दोनच असतात, आणि तिचे दोन्ही वर लागले होते.

पाटी चढली त्याच दिवशी तिनं कमरेची पिशवी सोडली आणि चावी उत्तमरावाच्या हातावर ठेवली. तो वाकून तिच्या पाया पडला. तिनं मनापासून आशीर्वाद दिला.

श्रावणातल्या सोमवारी दुकान उघडलं. नारळ फुटला, पेढे वाटले. सुवर्णा नवं लुगडं नेसून गल्ल्यामागच्या उंच खुर्चीवर बसली होती. लखन काट्याच्या मशीनशी उभा होता. रॅकवर वांगी चकाकत होती आणि फवाऱ्याचं बारीक पाणी मेथीवर पडत होतं. प्रगती बासरहून खास आली होती आणि सगळ्यांचे फोटो काढत होती. मनकर्णाबाई ताजा सांभार उपटून, मागच्या बसनं नेहमीसारखं गाठोडं घेऊन आली. बगलेत पोतं होतं. सवयीनं ती दारापाशी थांबली आणि पोतं अंथरायला वाकली. खाली फरशी उतरती होती. पोतं घसरलं.

ती सरळ उभी राहिली. तिनं दाराच्या डाव्या बाजूला पाहिलं, तिथं लोखंडी कठडा. उजव्या बाजूला थंड पेयांचा फ्रीज. आत रॅकच्या दोन रांगा आणि मध्ये एका माणसापुरती वाट. तिनं सगळं दुकान एकदा नजरेनं चाळलं, मग पुन्हा चाळलं.

"उत्तमराव," ती म्हणाली, "मी कुठं बसू?"

उत्तमराव हसत पुढं आला. त्याच्या मनात काही काळं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. "तुमाले आता बसाची काय गरज हाय, वहिनी? लय कष्ट केले तुमी. आता घरी आराम करा, वावर पाहा. तुमचं नाव त वर लागलंच हाय ना!"

त्यानं पाटीकडे हात केला. मनकर्णाबाईनं वर पाहिलं नाही. तिला आठवलं, घरात भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे, त्याला सणावारी हार घालतात. नाव वर लागलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तू कुठं बसतो. तिला फसवलं कुणीच नव्हतं. पोरीनं प्रेमानं अक्षर शोधलं, दिरानं प्रेमानं आराम दिला, आणि दोघांच्या प्रेमामध्ये तिची जागा गेली. अक्षरावर संशय घेतला, फळावर घेतला, यंत्रावर, लेकरावर घेतला. एवढा एक प्रश्न तिनं आजवर विचारला नव्हता. आणि आता त्याचं उत्तर मिळाल्यावर तिच्या मनात कसलाच संशय उरला नव्हता. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

प्रगतीचा मोबाईल खाली आला. ती बापाकडे पाहायला लागली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मोठी मायची जागा कोणती ठेवली?" उत्तमराव इकडेतिकडे पाहू लागला. जणू जागा इथंच कुठं तरी ठेवली होती, आता सापडत नव्हती.

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. त्यांनी दारातूनच विचारलं, "मनकर्णम्मा एक्कडा?" मनकर्णम्मा कुठं आहे?

मनकर्णाबाईनं गाठोडं लखनच्या हातात दिलं आणि दोन रॅकमधल्या वाटेनं चालत गल्ल्यापाशी गेली.

"सुवर्णा, ऊठ."

"बाई, आज उद्घाटन हाय, लोकं—"

"लोकं माझेच हायेत. ऊठ."

सुवर्णा उठली. मनकर्णाबाई कडेला हात टेकून त्या उंच खुर्चीवर चढली. जन्मभर जमिनीवर बसून विकलेली बाई ती. खुर्ची गोल फिरली, तिनं गल्ला घट्ट धरून तिला थांबवलं. समोर मशीनवर आकडे लुकलुकत होते, त्यातला एकही तिला कळत नव्हता. मास्तरीणबाईंनी मेथीची जुडी पुढं ठेवली आणि हसून म्हणाल्या, "अम्मा, एंता?"

तिनं जुडी हातात घेतली, उलटी केली, देठ पाहिले आणि भाव सांगितला. तिचे पाय खाली टेकत नव्हते, पण ती उतरली नाही.